सहावी ब चे नवे सर

बिराजदार सरांच्या घरचा चहा मी अख्खा एक उन्हाळा प्यायले आणि तो शेवटपर्यंत वाईटच राहिला. चूक माझीच. पहिल्या दिवशी बोलून गेले, "सर, जरा कडवट झालाय." दुसरा कुणी असता तर दूध, साखर वाढवून मोकळा झाला असता. सरांनी दुसऱ्या दिवशी फक्त दूध बदललं. चहा कडवट. मग दूध पहिलंच ठेवून चहापत्ती बदलली. मग पातेलं. रोज भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, या. आज एकच गोष्ट बदललीय."

"साखर वाढवा की सर," मी काकुळतीला यायचे.

"वाढवू. साखरेची पाळी येऊ दे."

नुकत्याच निवृत्त झालेल्या सरांनी दुपारचा चहा आपल्याकडे घेतला होता, आणि त्यांच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी, त्याच दिवसापासून दुपारचा चहा सोडला होता.

सरांनी अक्कलकोटकडच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, तरच कशामुळे काय झालं ते कळतं. हा धडा सगळेच मास्तर जूनमध्ये शिकवतात आणि जुलैत विसरतात. सरांनी तो घरी आणला.

एकदा मे महिन्यात त्यांचा कूलर बंद पडल्यासारखा झाला. वायरमननं मोटार बदलली, गवताचे पडदे बदलले, गार हवा सुरू झाली. सर त्याच्यावर उखडले. "दोन्ही एकदम का बदललंस? आता बिघाड कशात होता ते कसं कळणार?"

"सर, गार हवा येऊलालीय की!"

"येतेय. पण का येतेय?"

त्यांनी त्याला जुने पडदे परत लावायला लावले. दोन दिवस घर तव्यासारखं तापलं. डॉक्टरांनी खोकल्याला तीन गोळ्या दिल्या, तर सर एकच घ्यायचे आणि रात्रभर खोकायचे. काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अय्यो शिवा! ह्या माणसाला देव पण एकदम नेणार नाही. आज हात, उद्या पाय."

आम्ही कॉलनीतले सगळे हसायचो. विक्षिप्त म्हातारा शेजारी असला की चारचौघांत सांगायला किस्से पुरतात.

मग त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, लग्न ठरवलं. मुलगा भवानी पेठेतला, तेलुगू विणकरांच्या घरातला, चादरी-टॉवेलांचा छोटा कारखाना. मुलगा चांगला होता, हे सर सोडून सगळ्यांनी मान्य केलं. काकूंनी मला बोलावून घेतलं, कारण बाहेरचं माणूस समोर असलं की सर आवाज चढवत नसत.

सर खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "मला मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. पण घर बदलणार, आडनाव बदलणार, माणसं बदलणार, जेवण बदलणार. एवढं सगळं एकदम बदललं आणि उद्या पोरगी रडत आली, तर कारण कुठलं धरायचं?"

मला हसू आलं. काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. सुनंदा मात्र हसली नाही.

"अप्पा, तुम्ही बघितलेल्या मुलाकडं गेले असते तरी घर बदललंच असतं. आडनाव बदललं असतं, माणसं बदलली असती. सासूच्या हातचं जेवण तर कुठंही वेगळंच. म्हणजे ते सगळं दोन्हीकडं सारखं. मग वेगळी एकच गोष्ट राहिली. कुठली ते तुम्हीच सांगा. विज्ञान तुमचा विषय आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जात हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. वर्गात तर ते नेहमी सांगायचे, रक्त सगळ्यांचं लाल. त्या दिवशीही तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. उठून आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. हुशार माणसाची ही मोठी सोय असते. साधा माणूस शिव्या देतो, आरडाओरडा करतो, आणि कधीतरी दमून गप्प बसतो. हुशार माणसाकडं कारण असतं.

लग्नाला सर गेले नाहीत. काकू गेल्या, आणि पुढं वर्षानुवर्षं "देवळात जाऊन येते" म्हणून रिक्षानं लेकीकडं जात राहिल्या. येताना प्रसाद आणायला विसरायच्या. सरांनी एकदाही प्रसाद मागितला नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. सुनंदा आली, आईच्या पायांपाशी बसली, रडली. बाप समोरच होता. नवरा बाहेर रस्त्यावर चपला घालून उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही. मीही नाही. तिन्हीसांजेच्या आत ती निघून गेली.

त्यानंतर जूनमध्ये सर माझ्याकडं आले. मी भवानी पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवते. "बाई, तुमच्याकडं विज्ञानाची जागा रिकामी आहे म्हणे. मी येतो. पगार नको. फक्त सहावी ब द्या."

"ब च का?"

"लहान वर्ग असतो."

लहान कुठला? ब मध्ये पोरं अ पेक्षा जास्त होती. मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ. मुख्याध्यापिकेला फुकटचा मास्तर हवाच होता. पहिल्याच आठवड्यात मी सहावी ब च्या दारावरून जाताना तिसऱ्या बाकावरची भार्गवी दिसली. ती पोरगी यंदाच आमच्या शाळेत आलेली, मी रोज बघत होते, पण सर फळ्यापाशी उभे असताना पहिल्यांदा नीट बघितली. नाक, कपाळ, हसताना मान वाकडी करायची सवय, सगळं महादेवीकाकूंचं. हजेरीत आडनाव तेलुगू, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मी सरांना काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पालकसभेला सुनंदा आली. सर त्या दिवशी रजेवर होते. मी तिला व्हरांड्यात गाठलं. "सुनंदा, तुला कळलंय का, विज्ञानाला कोण..."

"पहिल्याच दिवशी कळलं. पोरगी म्हणाली, 'अम्मा, नवे सर उरलेले खडू शर्टाच्या खिशात टाकतात.' तो खिसा मी वर्षानुवर्षं धुतलाय, बाई."

"मग?"

"मग काय? शिकवू देत. चांगलं शिकवतात. पण पोरीला सांगू नका. आणि मला माहितीय हे त्यांना पण सांगू नका."

"असं किती दिवस चालायचं?"

"त्यांना तोंड हाय की," सुनंदा म्हणाली.

परवा सरांचा मापनाचा धडा होता. त्यांनी पोरांना बाक वितीनं मोजायला सांगितला होता. कुणाचा सात विती, कुणाचा नऊ, आणि जो तो दुसऱ्याला खोटं ठरवत होता. मी शेजारच्या वर्गातून ओरडायला म्हणून गेले आणि दारातच थांबले. सर सांगत होते, "कुणीच खोटं नाही. हात वेगळे, म्हणून माप वेगळं. म्हणून तर पट्टी लागते."

भार्गवी उठून पुढं आली. "सर, तुमची वीत दाखवा की." त्यांनी हात टेबलावर पसरला. तिनं आपला हात त्याला लावला.

"सर! तुमची करंगळी पण माझ्यासारखीच वाकडी!"

वर्ग हसला. सर त्या दोन हातांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील.

"असते काही जणांची," ते म्हणाले. "बस जागेवर. पुढचा कोण?"

शाळा सुटल्यावर सुनंदा स्कूटरवर पोरीला न्यायला आली. सर जिन्याच्या मागं, जिथं मुलांच्या मोडक्या खुर्च्या टाकल्यात, तिथं उभे होते. भार्गवी मागं बसली. सुनंदानं स्कूटर सुरू केली, पण हलली नाही. जिन्याकडं बघत तशीच बसून राहिली. मधे फाटकापाशी मी, दोघांना ओळखणारी, दोघांचंही गुपित सांभाळणारी.

"अम्मा, चल की," पोरगी म्हणाली.

स्कूटर गेली. सर बाहेर आले.

"गेल्या?"

"गेल्या," मी म्हटलं.

ते मान हलवून नळाकडं गेले आणि बराच वेळ खडूचे हात धूत, वाकड्या करंगळीकडं बघत राहिले.