मालक डॉट म्हैस

"दीक्षाताई, मी कितव्या वेताचा हाय, जरा सांगा की!"

फोनवर असा प्रश्न ऐकून दीक्षानं हातातला चहा बाजूला ठेवला. मंगळवार पेठेतल्या आपल्या छोट्या ऑफिसातून तिनं कालच म्हशींच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट सुरू करून दिली होती. फोनवर होता शिरोळचा गोठेवाला सयाजी, त्या साइटवर म्हैस विकायला टाकणारा पहिला मालक.

तिनं घाईघाईनं त्याचं पान उघडलं. फेटा बांधलेला सयाजीचा फोटो आणि खाली ओळी : 'रंग काळाभोर. दुसरं वेत. दूध चौदा लिटर. स्वभाव गरीब, लाथ मारत नाही.'

दीक्षानं कपाळावर हात मारला. मालकांची माहिती एका तक्त्यात, म्हशींची दुसऱ्यात, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. पानाच्या साच्यात 'मालक डॉट गाव' असं लिहायचं, तिथं घाईत तिच्या हातून 'मालक डॉट म्हैस' गेलं होतं. संगणकानं इमानानं म्हशीचे सगळे गुण आणून सयाजीला चिकटवले होते.

"सॉरी दादा, पाच मिनिटांत नीट हुतंय."

"आता नीट करून काय उपेग? गगनबावड्याची मंडळी रविवारी मला बघायला येणार हुती. त्यांनी साइट बघितली. पोरीच्या मामाचा फोन आला, 'पावणं, वैरण किती लागती तुम्हाला?' आदुगरच शेतकरी पोरगा म्हणून तीन स्थळं मोडल्यात माझी!"

दीक्षाला ओशाळल्यासारखं झालं. तिनं पान दुरुस्त केलं आणि सयाजीकडून नंबर घेऊन थेट मामांनाच फोन लावला. "मामा, चूक माझी हाय. ती माहिती म्हशीची हाय, सयाजीदादांची न्हवं."

"ते कळलं की," मामा म्हणाले. "पर म्हैस खरी हाय न्हवं? चौदा लिटरवाली?"

"व्हय."

"मग येतो रविवारी."

सोमवारी दीक्षानं फोन करून सयाजीला विचारलं, "जमलं का दादा?"

"कशाचं जमतंय! पोरगी, अनुजा, म्हणली, विचार करून सांगतो. मामांनी म्हैस तेवढी पसंत केली आणि टेम्पोत घालून घेऊनबी गेले."

तेवढ्यात पलीकडून मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

"कुठं निघालाय?"

"गगनबावड्याला!" सयाजी खुशीत ओरडला. "म्हैस तिथं कुणालाच पान्हा सोडंना झालीया. अनुजाचा सकाळपासनं तिसरा फोन हाय, 'तुमीच या' म्हणती!"