बरोबर सासरे, मागे साहेब

गोल्फच्या मैदानावर माझ्याइतका चपळ माणूस नाही, हे मी स्वतःच सांगतो. कारण दुसरं कुणी सांगत नाही! बॉलपाशी जायचं, हाणायचा, चालू पडायचं! काही लोक बॉलसमोर उभे राहून असा विचार करतात, जणू मुलीसाठी स्थळ बघायला आलेत. अशांचा मला मनस्वी तिटकारा. मागच्यांना ताटकळत ठेवू नये, हा या खेळातला पहिला शिष्टाचार!

आणि त्या रविवारी माझा जोडीदार कोण? माझे सासरे!

सासरे म्हणजे निवृत्त घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवलेला माणूस.

"बाबांच्या मागे घाई लावू नकोस हं," बायकोनं निघताना बजावलं. "गुडघा दुखतो त्यांचा."

"तू निर्धास्त राहा! चार तासांत दोघंही जेवायला घरी!"

पहिल्या होलवर सहज मागे वळून पाहिलं, तर काय! आमच्या मागचा नंबर आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांचा! सोबत त्यांचे दोन मित्र. मी बाबांच्या कानात तसं सांगितलंही. माझ्या बढतीचा कागद चार दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होता.

इकडे बाबांनी चष्मा पुसला. स्टिक पुसली. बॉल पुसला. चिमूटभर गवत उडवून वारा बघितला. मग परत चष्मा पुसला.

"बाबा, मारा ना आता!"

"मारतो की. पळतोय का तो कुठं?"

ठप्प! बॉल फार लांब गेला नाही, पण पट्टीनं रेघ ओढावी तसा सरळ गेला.

मी दहा सेकंदांत हाणला. फाऽट! थेट झाडीत.

"शोधू हं, जावईबापू," बाबा म्हणाले आणि लंगडत माझ्यामागे काट्यांत शिरले. बॉल सापडला. मी पुन्हा हाणला. तो झाडाला आपटून माझ्याच मागे येऊन पडला. तिकडे साहेब हाताची घडी घालून उभे!

चौथ्या होलपर्यंत आमच्या पुढचं मैदान इतकं मोकळं झालं, की गुरं चरायला सोडावीत. मी मनात बाबांच्या त्या चष्म्याला लाखोली वाहत होतो. शेवटी ठरवलं, मागच्यांना पुढे जाऊ द्यावं. तेव्हा मी वाळूच्या खड्ड्यात होतो. साहेबांना दिसावं म्हणून टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी गरागरा फिरवला.

नेमके त्याच क्षणी बाबा झेंड्याजवळच्या हिरवळीवर चक्क पालथे पडले होते!

साहेबांनी काय पाहिलं? एक म्हातारा जमिनीवर आडवा आणि एक माणूस टॉवेल फिरवत मदत मागतोय! ते स्टिक टाकून धावत सुटले. मागून एक मित्र पाण्याची बाटली घेऊन, दुसरा नुसताच ओरडत.

"आजोबा! छातीत दुखतंय का? अरे, डॉक्टर बोलवा कुणीतरी!"

"हळू, हळू!" बाबा मान वर न करता म्हणाले. "उतार बघतोय. डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढा आहे."

हा आरडाओरडा ऐकून मैदानाचे मार्शल गाडी घेऊन आले. खेळ रेंगाळू नये म्हणून फिरत राहणं, हेच त्यांचं काम. "पाऊण तास मागे आहात तुम्ही!" ते कडाडले.

बाबा गुडघा धरून उठले. "चूक माझी हो. म्हातारा माणूस. जावईबापू बिचारे माझ्यासाठी थांबतात."

मी समजूतदार जावयासारखी मान खाली घातली.

मार्शलनी वही उघडली. "आजोबा, मी मघापासून बघतोय. तुम्हाला एका फटक्याला एक मिनिट लागतं. पण या होलवर तुमचे फटके चार! हे दहा सेकंदांत मारतात. पण त्यांचे झालेत अकरा, आणि अजून खड्ड्यातच आहेत! मधला सगळा वेळ झाडीत!"

"वारा होता हो," बाबा म्हणाले.

"वारा सगळ्यांनाच होता!"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी वाळूतून बाहेर आलो आणि बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, माझ्यामुळे उशीर होतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"कुठला काटा मागे पडतोय ते घड्याळजीला कळतं, जावईबापू. पण तुमचे साहेब मागे होते ना!"

म्हणजे दुखऱ्या गुडघ्यानं काट्यांत शिरून, वर दोषही स्वतःच्याच अंगावर! मी माझा बॉल खिशात टाकला, त्यांची बॅग खांद्याला लावली आणि उरलेले होल त्यांनी एकट्यानं खेळायचं ठरलं. पुढच्या जोडीला आम्ही नवव्या होलवरच गाठलं!

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बढतीच्या कागदावर सही झालेली होती!

"तुमचे सासरे म्हणजे देवमाणूस," साहेब म्हणाले. "येत्या रविवारी त्यांना आमच्याबरोबर खेळायला पाठवा."

"अहो साहेब, पाठवतो काय! आम्ही दोघंही येतो!"

साहेबांनी जरा विचार केला.

"या की. तुम्ही साडेअकराला या. तोवर आमचं खेळून झालेलं असेल."