दिवसाला तीन गोड शब्द

मी शिंपी. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हापासून मशीनवर आहे. त्यामुळे सरळ सांगतो. बायकोशी गोड बोलायचं मी मनावर घेतलं आणि तिला मरणाच्या दारात नेऊन बसवलं.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. तिथे गिऱ्हाइकासमोर मी तिच्यावर एकदा खेकसलो (एकदा म्हणजे त्या दिवशी एकदा). ती शिलाई तशीच टाकून उठली. आत गेली, बॅग काढली आणि लेकीला फोन करून सांगितलं, पहिल्या तारखेला कायमची येते. मी हादरलो. एकेचाळीस वर्षांत तिने भांडी पुष्कळ आपटली, बॅग कधी काढली नव्हती.

लेक एका ऑफिसात लोकांना शिस्त लावायचा पगार घेते. तिला मी गुपचूप फोन केला, म्हटलं, यापुढे नीट वागेन.

"बाबा, नुसतं नीट वागेन म्हणून काय उपयोग? दिवसातून किती वेळा ते ठरवा. आणि रोज खूण करा."

माप म्हटलं की मला समजतं. दिवसाला तीन गोड शब्द ठरवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शब्द टाकला की कपाटाच्या दाराला आतून खडूची रेघ.

पहिल्या सकाळी चहा चांगला झालाय म्हणालो. तिने माझ्या हातातला कप घेऊन वास घेतला. दुपारी तिच्या आवाजाचं कौतुक केलं (ती तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईशी ओरडून बोलत होती). तिसऱ्या दिवशी माझ्याकडचं कौतुक संपलं. संध्याकाळची रेघ बाकी, आणि ती गच्चीवरचे कपडे आणायला निघालेली. म्हटलं, "तू जिना फार छान चढतेस." ती कठड्याला धरून अर्ध्या जिन्यातच थांबली.

एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. तिला धाप लागते म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं. चौथ्या दिवशी मी रिपोर्ट आणायला गेलो. तयार नव्हता, हात हलवत परत आलो. दुपारचा शब्द राहिला होता, तो दारातच टाकून दिला. "तू आहेस म्हणून हे घर आहे."

ती खाली बसली. चेहरा पांढरा.

"कपाटातल्या रेघा मी पाहिल्यात," ती म्हणाली. "किती दिवस राहिलेत?"

"आठ," मी म्हटलं. (पहिल्या तारखेला आठच दिवस होते. ती दुसरं काय विचारणार?)

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तर एक सांगून टाकते. ओझं घेऊन जायचं नाही मला. तुम्ही लावलेली एकही कॉलर सरळ बसत नाही. दुपारी तुम्ही झोपलात की मी ती उसवते आणि पुन्हा लावते."

"कधीपासून?"

"लग्न होऊन दोन महिने झाले तेव्हापासून."

माझ्या कॉलरीसाठी लोक तीन गल्ल्या ओलांडून येतात, असं मी जो भेटेल त्याला सांगत आलोय. रेघाबिघा विसरलो आणि ओरडलो, "मरायला निघाल्यासारखी काय बोलतेस?"

"मग निघाले नाहीये का मी?"

तेव्हा कुठे उलगडा झाला: रिपोर्ट वाईट आलाय, मी तो लपवतोय आणि रेघा मारून तिचे दिवस मोजतोय, असं ती समजून बसली होती. रिपोर्ट हाती आलाच नाही, हे शपथेवर सांगितलं. लेकीचं मापही सांगितलं. आणि सांगता सांगता मीच घाबरलो, कारण रिपोर्टात काय येणार हे मलाही ठाऊक नव्हतं. कॉलर गेली खड्ड्यात. तिला धरून तसाच निघालो. तपासणीच्या जागी बाकावर तासभर बसलो. तिला काही गोड सांगावं तर एक शब्द तोंडातून फुटेना. नुसता तिचा हात धरून बसलो (त्याची रेघ कुठे मारायची ते लेकीने सांगितलं नव्हतं).

रक्त कमी निघालं. गोळ्या दिल्या. बाकी काही नाही.

रस्त्यात ती म्हणाली, "लेकीकडे जायचं रद्द. मी गेले तर तुमचं दुकान आठवड्यात बसेल."

मी ऐकून घेतलं. बायका असं बोलतातच. दुकान माझ्या हाताच्या गुणावर चालतं, असं मनाशी म्हणत दार उघडलं. पायरीवर आमचं पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक वाट बघत होतं, मी खेकसलो तेव्हा समोर होतं तेच. मी कापडासाठी हात पुढे केला. त्याने पिशवी पोटाशी धरली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "काकू, तुम्ही राहणार आहात ना? मग टाकतो शिवायला."