मैनेची शिकवणी

भर उन्हात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, उघडी छत्री घेऊन घोडीभोवती गोल गोल फिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहतो. शीळफाट्याजवळ आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे हिराजीशेठचं शेत आहे. बाकीची जमीन टॉवरखाली गेली. हा तुकडा त्यांनी मैनेसाठी राखलाय. मैना म्हणजे त्यांची तरणी घोडी, अजून पाठीवर कुणाला न घेतलेली. पुढेमागे कुणी समोर छत्री उघडली तर ती बिथरू नये, म्हणून ही शिकवणी.

पहिल्याच भेटीत या गृहस्थाने माझा अपमान केला. मी कौतुकाने घोडीच्या नाकावर हात ठेवायला गेलेलो, तर खेकसले, "ओ सायेब, तिला इचारला का?"

"घोडीला काय विचारायचं?"

"मंग मी फिरवू तुमच्या गालाव हात? चालल?"

आधी मूठ पुढे करायची, तिला हुंगू द्यायची. तिने तोंड फिरवलं तर गुमान घरी जायचं. दोरी ओढायची नाही. तिने पाऊल टाकलं की लगेच सैल सोडायची. "ढील दे, ढील!" हे शेठ स्वतःलाच बजावत असतात.

ही ढील फक्त घोडीला. आम्हाला नाही! एकदा ते थेट आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये घुसले. मला वाटलं, गाड्यांच्या हॉर्नबद्दल तक्रार असेल. छे! माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यांची पिवली साडी बंद झाली वालत घालायची. कनाला बंद केली? मैनेला फडफडनाऱ्या कापडाची सवय लावतोय मी!" ती साडी माझ्या बायकोची. सगळी मीटिंग हसली. मी आठवडाभर धुमसत होतो, आणि बायको मात्र निमूट साडी वाळत घालत होती.

मग त्यांच्या पोराचं, जयेशचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे हळद म्हणजे डीजे आणि अख्खा गाव. जयेशचे मित्र हटून बसले की नवरदेवाची एन्ट्री मैनेवरूनच व्हायला हवी. एकाने तर काटेरी लगाम पैदा केलेला. हिराजीशेठ तबेल्याच्या दारात आडवे उभे राहिले.

"तिची पाठ अजून कवली हाय. डीजेम्होरं नाय नाचवनार."

पाहुणे संतापले. खरं सांगतो, मीही. एकुलत्या एका पोराची हळद, आणि बाप घोडीची बाजू घेतो?

जयेश पुढे आला. कपाळाला हळद, डोळे लाल. "घोडीशी कवरा गोड बोलतंस! माझ्याशी कदी बोललास असा? मना पट्ट्यानं मारायचास!"

शेठ मैनेच्या मानेवरचा हात काढून पोराकडे वळले.

"हाव, मारला," ते म्हणाले. "मना दुसरा कायच येत नव्हता रं. माझ्या बापानं मना तसाच शिकवलेला. मारून कोन शिकत नाय, ते हिच्यापाशी समजला. तवर तू मोठा झालेलास."

जयेशने मित्राच्या हातातला लगाम काढून घेऊन कुंपणापलीकडे भिरकावला. "उद्या लग्नाला मी पायी जानार," तो म्हणाला. "बाबा, तू बाजूला चल माझ्या."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाची मिरवणूक पायी निघाली. नव्या बुटांनी शेठचे पाय सोलवटलेले. ते लंगडत होते. बेंजोवाले वाजवत पुढे गेले, वऱ्हाडी पुढे गेले, हॉलच्या दारातून कुणीतरी "मुहूर्त टळेल!" म्हणून ओरडत होतं. नवरदेव मात्र बापाच्या चालीने, सावकाश चालत होता.