काळ्या काचेला हळद

"माय, उद्या बारा वाजता या काचेच्या विजेवर हा पंखा फिरला का तुझा पोरगा डॉक्टर!" हेमराजनं छाती ठोकून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे, पीएचडीवाला. सहा वर्षांत हे पुष्पाबाईंना समजलं होतं, नवेगाव बांध या गावाला मात्र अजून समजायचं होतं. कुणाला ताप आला की लोक याच्याच दारात!

सहा वर्षांची कमाई म्हणजे तळहाताएवढी काळी काच. दोन काचांच्या मधे पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा केसाहून पातळ थर. उजेड पडला की वीज तयार! पण या महाराजांना ओल म्हणून सोसत नाही. जरा दमट हवा आत शिरली की काळा थर पिवळा पडतो आणि खेळ खलास. बारा काचा केल्या, अकरा अशाच गेल्या. आणि बिऱ्हाड कुठं, तर तळ्याच्या काठावर, भर भादव्यात!

कॉलेजातली कोरड्या हवेची पेटी नेमकी बंद पडली, म्हणून बारावी काच त्यानं घरी आणली. स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या गादीवर तिला निजवलं. डब्यावर चिठ्ठी लावली, 'पाणी लावू नये'. ओल्या हातानं शिवायचं नाही, जवळ शिंकायचं नाही, अशी घरात ताकीद!

"आमी श्वास तरी घ्याचा का नाही?" यादोराव म्हणाले. पोराच्या काळजीनं बापालाही रात्रभर झोप नव्हती, पण ते कबूल कोण करणार?

सकाळी सहाला हेमराजनं डबा उघडला. काच पिवळी!

काच तपासायला नागपूरची परीक्षक माणसं दुपारी येणार, आणि ही बया पिवळी पडून बसली! सहा वर्षं पाण्यात!

"बाबा! ओल गेली आत! संपलो मी!"

"काऊन बोंबलून राहिला? चुलीजवळ ठेव, वाळंल."

"भजं हाय का ते!"

पण वाळवण्याचा विचार त्याच्या डोक्यात घुसलाच. ओल नुकतीच शिरली असेल तर लगेच उघडून कोरडं करावं, एखादे वेळी काळा रंग परत येतो. आत शिसं, म्हणून हातमोजे चढवले. ब्लेड घेतलं आणि ज्या कडा स्वतः आठ दिवस जीव ओतून बंद केल्या होत्या, त्या सोलल्या. मागची काच टक्‌कन निघाली.

"अरे, अरे! काय करून राहिला? कुंकू राहिलंच ना!"

दारात पुष्पाबाई. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात नारळ.

"कायचं कुंकू?"

"पूजेचं! विहिरीवर मोटर बसवली तवा केली, ट्रॅक्टर आला तवा केली. तुही मशीन का उघडीबोडकी जाईल सायबापुढं? हळद लावली, कुंकू आनाले गेली."

"हळद? पान्यात कालवून?" हेमराजनं काच डोळ्यांजवळ नेली.

"मले काय अक्कल नाही? चिठ्ठी वाचता येते मले. तेलात कालवली! पान्याचा थेंब नाही लावला."

त्यांनी पदराच्या टोकानं काचेची समोरची बाजू पुसली. हळद निघाली. खाली काच काळीकुळकुळीत, जशी निजवली होती तशी!

"माय!" हेमराजच्या छातीवरचा धोंडा उतरला. आठ दिवसांचा धसका, सहा वर्षांची धास्ती, सगळं एकदम डोळ्यांत आलं. काच उलटी करून ओंजळीत धरली आणि तो ओक्साबोक्शी रडला. आणि पहिलाच टपोरा थेंब पडला तो थेट उघड्या थरावर.

तिघंही वाकून बघत राहिले. थेंबाभोवती पिवळा डाग उमटला आणि सावकाश पसरत गेला.

"आता ही हळद मी नाही लावली," पुष्पाबाई हळूच म्हणाल्या.

नागपूरची माणसं आली, चहा प्याली, सहा महिन्यांची मुदत देऊन गेली. काच नापास होण्याचं कारण म्हणून हेमराजनं 'वातावरणातील दमटपणा' असं लिहून दिलं. ते तसं खोटंही नव्हतं.

तेरावी काच आता त्याच डब्यात आहे. चिठ्ठीही तीच, फक्त 'पाणी लावू नये'च्या खाली पुष्पाबाईंनी आपल्या मोठ्या अक्षरात भर घातली आहे, 'रडू नये'.