तिसऱ्याच्या दारावरून

आमच्या लाल गाडीचा तिसरा गिअर सोमवारी सकाळी रुसून लोणंदला मावशीकडे निघून गेला. घरात कोणाला सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या गिअरला म्हणाला, "या बाईंना मी दिसतच नाही, मग थांबून काय करू?"

गाडी माझ्या धाकट्या भावाची, हेमंतची. दोन दारांची, बुटकी, शर्यतीत पळवतात तशी. आत बसायला गेलं की आधी वाकून नमस्कारच घडतो. मस्कतला नोकरी लागल्यावर हेमंत म्हणाला, "ताई, महिनाअखेरपर्यंत लायसन काढलंस तर गाडी तुझी. नाही तर मित्राला देऊन टाकतो." आमचे हे म्हणाले, "आपण बिनगिअरची घेऊ. तुला सोपी पडेल." पण मला हीच हवी होती. एक्कावन्न वर्षं माझा डावा पाय नुसता उजव्याच्या सोबतीने चालत आला होता. क्लच दाबायला लागल्यापासून त्याला स्वतःचं असं काम मिळालं होतं. ते मला काढून घ्यायचं नव्हतं.

गुरुवारी फलटणला लायसनचा कॅम्प होता. महिन्यातला तो शेवटचाच.

मला शिकवायला जमादार सर येत. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी दांडा हलवून पाहिला, तिसऱ्याच्या जागी दोनदा चाचपलं आणि म्हणाले, "ताई, जागा रिकामी आहे. काही बोललात का त्याला?"

"एक शब्द नाही बोलले, सर."

"तेच म्हणतो मी. काल तुम्ही दुसऱ्यावरून सरळ चौथा टाकलात. तीनदा. चौथ्याकडे जायची वाट तिसऱ्याच्या दारावरून आहे. तो बिचारा ओट्यावर उभा राहून 'या' म्हणतोय आणि तुम्ही मान खाली घालून पुढं!"

मला फार लाज वाटली. आमच्या माहेरी कुणाच्या दारावरून घोटभर पाणी न पिता पुढे गेलं, तर पुढच्या चार लग्नांत त्याचा विषय निघतो.

"फोन करू का त्यांना?"

"फोनवर बोलावताय? मग कायमचंच मिटलं म्हणा."

म्हणून मंगळवारी नारळ, कुंकू, अक्षता घेऊन आम्ही निघालो. चौथा म्हणाला, दादा घरात नसताना मी पुढे होणं बरं दिसत नाही. पाचव्या-सहाव्यानेही तेच सांगितलं. त्यामुळे लोणंदपर्यंतचे अठ्ठावीस किलोमीटर आम्ही दुसऱ्यावर गेलो. मी चालवत होते, शेजारी जमादार सर, आणि मागच्या चिंचोळ्या सीटवर हे, गुडघे छातीशी, नारळ पोटाशी. गाडी वाघासारखी गुरगुरत होती आणि कांद्याचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत होते. एकाने तर हळू होऊन विचारलं, "मावशी, ढकलू का?"

तरडगावला दुसऱ्याला दहा मिनिटं सावलीत उभं केलं. तो फार तापला होता.

मावशी म्हणजे एक जुना टेम्पो. लोणंदच्या कांदा मार्केटमागे बाभळीखाली उभी असते. तिच्या बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरून तिसरा बसला होता. पेरूएवढा, दातेरी, तेलाने चकचकीत.

"या," तो म्हणाला. म्हणायचं म्हणून.

"उन्हाच्या आलात, बसा," मावशी म्हणाली.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं कसं? चौथा जोरात जातो. आमच्याकडे काय, गावातला वेग. लोकांना कमीपणा वाटतो."

"अहो, चौथा कुठे राहतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी तुमचंच घर शोधत होते. हात भलतीकडे पडला."

"तीनदा?"

"तीनदा."

मावशी खडखडून हसली. "अरे, नवी आहे ती. माझ्या मालकाने पहिल्या वर्षी मला पार विहिरीच्या काठापर्यंत नेलं होतं. धरलंय का मी मनात?"

ह्यांना वाटलं, आता जमलं. ते म्हणाले, "चला मग. गुरुवारी हिची परीक्षा आहे."

"हां," तिसरा म्हणाला. "कामापुरती आठवण."

मी ह्यांना मागे सारलं. मग पुढे होऊन तिसऱ्याला कुंकू लावलं, नारळ ठेवला. "परीक्षेचं राहू दे," मी म्हणाले. "नापास झाले तर गाडी जाईल. ती मित्राकडे गेली तरी तुम्ही घरचे घरी असावं. रिकामी जागा बघवत नाही."

तो नारळाजवळ सरकला.

"जाता-येता थांबायचं," तो म्हणाला. "कितीही घाई असो. हात लावून पळायचं नाही."

"थांबेन."

"वर जाताना आणि खाली येतानाही."

"दोन्ही वेळा."

तिसऱ्याला घेऊन परतताना आम्ही त्या ट्रॅक्टरवाल्याला मागे टाकलं. ह्यांनी मागच्या सीटवरून त्याला हात केला.

गुरुवारी लायसनचे साहेब फायली घेऊन माझ्या शेजारी बसले. मैदान लहान होतं, पलीकडे भिंत. "सौ. शैलजा बेडके. पहिला. हं, दुसरा. आता चौथा टाका."

मी तिसऱ्याकडे थांबले.

"बाई, चौथा म्हणालो मी."

"हो साहेब, निघालेच. वाटेत हे राहतात."

साहेबांनी दांड्याकडे पाहिलं. "किती वेळ?"

"पाणी पिण्याएवढा."

तेवढ्यात भिंत आली. मी ब्रेक दाबला. साहेबांनी फाइल उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "चौथ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत." हेमंतला काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागले.

साहेबांनी पान उलटलं. "सकाळपासून अकरा जण झाले. सगळे चौथ्यापर्यंत पोहोचले. माझ्याकडे अकरा तिसऱ्यांचे तक्रारअर्ज आलेत." मग दांड्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "तुमची काही तक्रार?"

"नाही," तिसरा म्हणाला. "बाई थांबतात."

साहेबांनी शिक्का मारला.

आता चौथ्याकडे आमचं नेहमीचं जाणं-येणं आहे. पाचव्याकडेही दोनदा जाऊन आलो. सहाव्याकडे मात्र अजून जमलेलं नाही, त्याचं घर पार हायवेला. परवा त्याचा निरोप आला, "एवढ्या दिवसांत एकदाही नाही?" म्हणून आज निघतोय. पहिल्यांदाच जायचं, रिकाम्या हाताने कसं जाणार? हे नारळ आणायला गेलेत. मी गाडीत बसून आहे, डावा पाय क्लचवर ठेवून.