अकरावी गाडी

इमारतीच्या आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या. दहा गप्प होत्या. अकरावी एकोणीस वर्षांची, मूळची निळी, आणि सोमवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी ती एकटीच बोंबलायला लागली. जवळपास चोर नव्हता. सर्वांत जवळचा सजीव म्हणजे सहा फुटांवर झोपलेलं मांजर, आणि दचकून उठल्यावर तेही निरपराध दिसत होतं.

तिसऱ्या मजल्यावरून बाबा खाली पोहोचेपर्यंत ऐंशी सेकंद गेले. रिमोट दोन पावलांवर गेल्याशिवाय ऐकत नसे. ऐंशी सेकंदांचा हिशेब मुलीने ठेवला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिला चार महिने झाले होते आणि नोकरी लागेपर्यंत मोजायला दुसरं काही नव्हतं.

आतल्या खोलीत आई जागी झाली होती.

आई नर्स होती. नोकरीची एकतीस वर्षं बहुतेक रात्रपाळीत गेली आणि आता शेवटच्या पाच रात्री उरल्या होत्या. सकाळी साडेआठला ती घरी यायची, साडेनऊला आडवी व्हायची आणि तीनला उठायची. साडेपाच तास. या साडेपाच तासांभोवती अख्खं घर बांधलेलं होतं. दारांच्या कडांना फेल्टच्या मऊ पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. भांडी टॉवेलवर पालथी पडत. मिक्सर संध्याकाळी. मुलगी लहानपणीच उशीत शिंकायला शिकली होती. बाबांनी चष्म्याच्या दुकानात जन्मभर भिंगं घासलेली, त्यामुळे त्यांचा हात मुळातच हलका. ते कपाट असं लावत की कपाटालाही कळू नये.

"काय झालं हो?" बाबा परत वर येताच आईने अर्धवट झोपेत विचारलं.

"काही नाही. झोप तू. गाडी होती."

"गाडीला काय झालं?"

"तेच बघतो."

बाबांनी खाली जाऊन बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, काही समजलं नाही, आणि दोन्ही तळवे टेकवून, बाळ पाळण्यात ठेवावं तसं ते मिटवलं. अकरा पाचला गाडी पुन्हा वाजली.

मंगळवारी सोसायटीचे सेक्रेटरी खाली वाट पाहत उभे होते. ते निवृत्त होते आणि त्यांना प्रत्येक यंत्राबद्दल मत होतं.

"बॅटरी," ते म्हणाले. "जुनी गाडी. व्होल्टेज पडतं, अलार्मला वाटतं चोर आला. एक तार काढून ठेवा, प्रश्न मिटला."

"नक्की?"

"अहो, वीजच नाही तर वाजणार कशाने?"

हे मुलीलाही पटलं. बाबांनी पाना लावून बॅटरीची तार काढली, आणि गाडी आजवर वाजली नव्हती इतक्या जोरात वाजू लागली. सायरनच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती. कुणी तार कापली तर ओरडायचं, एवढ्या एकाच कामासाठी ती एकोणीस वर्षं दबा धरून बसली होती. रिमोटला तर आता कुणी विचारतच नव्हतं.

"तार परत लावा!" सेक्रेटरी कानांवर हात ठेवून ओरडले.

"नट पडला!"

"कुठे?"

"इंजिनात!"

नट सापडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्यातली सहा मिनिटं बाबा सायरनवर रजई दाबून उभे होते. वरच्या खिडकीत आई दिसत होती. रात्री बारा बेड सांभाळून आलेलं माणूस बघतं तशी बघत होती.

"बॅटरी चांगली दिसतेय तुमची," जाता जाता सेक्रेटरी म्हणाले.

बाबांनी तारा एकेक करून हलवून पाहिल्या आणि बॉनेट हळूच मिटवलं. त्या दिवशी गाडी चार वेळा वाजली. मुलीने सुचवलं, "बाबा, कुलूपच लावू नका ना. म्हणजे अलार्म चालूच होणार नाही." तसं करून पाहिलं. अर्ध्या मिनिटाने गाडीने आपणहून कुलूप लावून घेतलं. चावी आत होती. दुसरी चावी आणायला बाबा पुन्हा तीन मजले चढले.

बुधवारी ते गाडी मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला, फ्यूज पाहिले आणि बॉनेट धाडकन खाली सोडलं. बाबा पुढे धावले.

"अहो, हळू!"

"काका, बॉनेट आहे ते. काचेचं भांडं नाही."

गाडी त्याच्याकडे दोन तास उभी राहिली. त्याने ती ढकलली, हलवली, चाकाला लाथही मारली. गाडी शहाण्यासारखी गप्प.

"काही नाही हिला," मेकॅनिक हात पुसत म्हणाला.

"घरी वाजते हो."

"मग वाजत असेल तेव्हा आणा."

"वाजत वाजत आणू?"

"त्याशिवाय कळणार कसं? नाहीतर सायरनच काढून टाकतो. पण शनिवारी. त्याआधी श्वास घ्यायला वेळ नाही."

शनिवारी आईच्या रात्री संपलेल्या असणार होत्या. बाबा गाडी घेऊन परत आले. मेकॅनिकने आत काही सैल तर केलं नाही ना, एवढंच पाहायला त्यांनी बॉनेट उघडलं आणि नीट, अलगद लावलं. पंचवीस मिनिटांनी पाण्याचा टँकर रस्त्यावरून गेला आणि गाडी वाजली.

तीन वाजता आई चहा घेऊन बसली. डोळे लाल होते. ती चिडलेली नव्हती, आणि बाबांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"काल एका पेशंटला विचारलं, गोळी घेतली का," ती म्हणाली. "त्याने घेतली होती. मीच दिली होती, पाच मिनिटांपूर्वी. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं." तिने कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही. "अजून तीन रात्री आहेत. त्या मला धड काढायच्या आहेत. आता एकदा जरी वाजली ना, तर ती गाडी विकायची."

बाबांनी खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं. याच गाडीतून त्यांनी रोज रात्री तिला पोहोचवलं होतं आणि रोज सकाळी आणलं होतं.

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलीने वही त्यांच्यासमोर धरली. तीन दिवसांत अलार्म नऊ वेळा वाजला होता. "बाबा, एक गंमत बघा. ज्या दिवशी तुम्ही जास्त वेळा तपासता, त्या दिवशी ती जास्त वाजते."

"अगं, जास्त वाजते म्हणूनच जास्त तपासतो ना!"

यात तर्काची चूक नव्हती. मुलीने तो रकाना खोडला.

गुरुवारी सकाळी बाबांनी शेवटची म्हणून एकदा सगळी तपासणी केली, बॉनेट मिटवलं आणि गाडीशेजारी स्टूल टाकून रिमोट हातात घेऊन बसले. विचार असा, की वाजलीच तर पहिल्या सेकंदाला दाबायचं. तालीम म्हणून त्यांनी अधूनमधून दाबूनही पाहिलं. दहा सव्वीसला गाडी वाजली तेव्हा रिमोटमधला सेल संपला होता.

बाबांनी बॉनेट उघडलं. दुसरं काय करावं, हे त्यांना सुचेना. मुलगी धावत खाली आली, सेक्रेटरी गॅलरीत आले, आणि दोन मिनिटांनी आई आली. अंगात गाऊन, पायात एक स्वतःची चप्पल आणि एक बाबांची.

"अगं, एक मिनिट, आत्ता..." बाबा म्हणाले.

"बाजूला व्हा."

बाबा बाजूला झाले. आईने बॉनेट दोन्ही हातांनी धरलं आणि चार दिवसांची, किंवा एकतीस वर्षांची, सगळी ताकद लावून आपटलं.

मांजर भिंतीपलीकडे गेलं. सायरन अकरा सेकंद आणखी वाजला आणि थांबला.

मग मुलीने वहीतली पट्टी काढली आणि बॉनेटखालच्या फटीला लावली. चार मिलिमीटर. तिने बॉनेट उघडलं. "बाबा, तुम्ही लावता तसं लावा." बाबांनी तळवे टेकवले. नऊ मिलिमीटर. कडेला करंगळीएवढा एक स्विच होता. बॉनेट पुरतं बसलं की तो दाबला जायचा. एकोणीस वर्षांनी त्याची स्प्रिंग थकली होती आणि नऊ मिलिमीटरवर तो जेमतेम तग धरून होता. टँकर गेला, ऊन तापलं, वारा आला, की त्याला वाटायचं कुणीतरी बॉनेट उघडलं.

"म्हणजे मीच..." बाबा म्हणाले.

"प्रत्येक वेळी," मुलगी म्हणाली.

"पण आपटायचं कसं? तू झोपलेली असतेस."

आई स्टुलावर बसली होती. "अहो, वॉर्डात रात्रभर दारं आपटतात. ट्रॉल्या जातात. बादल्या पडतात. ब्रेकमध्ये खुर्चीत दहा मिनिटं मिळाली तरी मी झोपते. त्याने नाही मला जाग येत. घंटी वाजली की येते. घंटी वाजली म्हणजे पळायचं, हे अंगात भिनलंय."

"आणि घरी?"

"घरी काय. एवढी शांतता असते, की तुम्ही आता काय लावताय, हिने काय उचललं, हे ऐकत पडलेली असते मी. कधी एकदाचं काहीतरी पडेल, असं होतं."

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने नाकाला हात लावला. तिला शिंक आली होती आणि आता तिचं काय करावं, हे कळत नव्हतं.

"आधी सांगायचं ना!" बाबा म्हणाले.

"तुम्ही एवढं प्रेमाने करत होतात," आई म्हणाली आणि वेगवेगळ्या चपला ओढत जिना चढू लागली.

"गाडीचं काय मग?"

"उठल्यावर बोलू."

शुक्रवारच्या पानावर मुलीने मोबाईलच्या ध्वनिमापकावरून नोंदी केल्या. सकाळी नऊ चाळीस, बाबांनी बॉनेट आपटलं: पहिला प्रयत्न ५८ डेसिबल, फट सात मिलिमीटर. दुसरा प्रयत्न ६६, फट सहा. तिसरा, डोळे मिटून, ८९, फट चार. अकरा दहा, स्वयंपाकघरात झाकण पडलं: ८१. अकरा पंचवीस, शिंक, उशीशिवाय: ७४. साडेबारा, मिक्सर: ८५. अलार्म: शून्य वेळा. आईची झोप: सात तास पन्नास मिनिटं.